टोक कुणाचं?

केर्न्स शहरात फिरताना गाड्यांच्या मागच्या काचांवर केप यॉर्कचे स्टिकर दिसतात. वर निमुळता होत गेलेला जमिनीचा त्रिकोण, शेंड्यावर एक ठिपका आणि खाली आम्ही तिथवर जाऊन आलो अशा मतलबाची ओळ. त्या ठिपक्याला इथले लोक नुसतं ‘टिप’ म्हणतात. टिपला गेलात का, टिपचा रस्ता उघडला का, टिपला जाताना किती टायर फुटले. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीचं हे उत्तरेकडचं शेवटचं टोक. केर्न्सपासून रस्त्याने जवळजवळ एक हजार किलोमीटर, त्यातला पुष्कळसा रस्ता मातीचा. केर्न्सला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याला तो स्टिकर आपल्या गाडीवर लावायचा होता. मी निघाले ती वेगळ्या कारणाने. इतका मोठा मुलूख लोक एका ठिपक्यासाठी पार करतात, तर ठिपक्याच्या अलीकडे आहे तरी काय, हे मला पाहायचं होतं.

अलीकडे बरंच काही आहे. केप यॉर्क द्वीपकल्पाचं क्षेत्रफळ १,३७,००० चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं कमी. राहणारी माणसं मात्र आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावात मावतील इतकीच, आणि त्यांत निम्म्याहून अधिक इथले मूळनिवासी. पूर्वेला प्रवाळाचा समुद्र, पश्चिमेला कार्पेंटारियाचं उथळ आखात. डोंगराची रांग पूर्व किनाऱ्याला खेटून जाते, त्यामुळे पूर्वेला उतरणाऱ्या नद्या आखूड आणि पश्चिमेला जाणाऱ्या लांबलचक, आळोखेपिळोखे देणाऱ्या. मिचेल, आर्चर, वेनलॉक अशी त्यांची नावं. उन्हाळ्या-हिवाळ्याला इथे कुणी विचारत नाही. वर्षाचे भाग दोनच, ‘वेट’ आणि ‘ड्राय’. जवळजवळ सगळा पाऊस डिसेंबर ते एप्रिलमध्ये पडतो. तेव्हा नद्या एकमेकींत मिसळतात, पश्चिमेकडचं सपाट रान पाण्याखाली जातं आणि रस्ता नावाची गोष्ट उरत नाही. गावांना किराणा येतो तो विमानाने नाहीतर बार्जवरून. मग पाणी ओसरतं, ग्रेडर फिरतो आणि मे-जूनमध्ये रस्ता ‘उघडतो’. आम्ही ड्रायमध्ये निघालो होतो. नद्यांच्या पात्रात वाळू होती आणि पुलाशेजारच्या झाडांच्या बेचक्यांत, आमच्या गाडीच्या टपाहून कितीतरी उंच, मागच्या पुराचा पालापाचोळा अडकलेला होता.

वाऱ्याचंही इथे एक वेगळं गणित आहे. दुपारी पूर्वेच्या समुद्रावरून वारा आत येतो, पश्चिमेच्या आखातावरूनही येतो, आणि दोन्ही द्वीपकल्पाच्या मध्यावर एकमेकांना भिडतात. त्या टकरीतून हवेत लाट उठते आणि रात्रभर आखातावरून नैर्ऋत्येला सरकत राहते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पहाटे दूर बर्कटाउनच्या लोकांना ती दिसते. शेकडो किलोमीटर लांबीच्या, गुंडाळीसारख्या फिरत येणाऱ्या ढगाच्या रूपात. त्याला ‘मॉर्निंग ग्लोरी’ म्हणतात, आणि ग्लायडरवाले त्याच्या कडेने तरंगायला मुद्दाम जातात. तो ढग जन्मतो ती जागा म्हणजे आम्ही धूळ खात होतो तो माळ. आम्हाला अर्थातच वर काही दिसलं नाही. दिसत होता पुढच्या रोड ट्रेनचा, म्हणजे डबे जोडलेल्या लांबलचक ट्रकचा, लाल फुफाटा, आणि पत्र्यासारख्या वळ्या पडलेला रस्ता, ज्यावर हळू चालवलं तर दात वाजतात आणि जोरात चालवलं तर गाडी वाजते.

लॉरा गाव मागे टाकून आम्ही लेकफील्डच्या मैदानाकडे वळलो. त्या राष्ट्रीय उद्यानाला आता रिन्यिरू म्हणतात. झाड नसलेलं, करड्या गवताचं सपाट रान, आणि त्यावर माणसाहून उंच, पातळ पाट्यांसारखी वारुळं उभी. शंभर असतील, हजारही असतील. भाचा थोडा वेळ नुसता बघत राहिला. मग म्हणाला, “मावशी, ही सगळी एकाच दिशेला तोंड करून का उभी आहेत गं?” फोनवरचं होकायंत्र काढून त्याने एकाच्या कडेला फोन टेकवला. उत्तर-दक्षिण. पुढच्याला टेकवला, तेच.

हे काम ॲमिटर्मिस लॉरेन्सिस नावाच्या वाळवीचं. पावसाळ्यात हे मैदान तुंबतं, त्यामुळे या वाळवीला इतर वाळव्यांसारखं जमिनीत खोल जाऊन उन्हापासून वाचता येत नाही. जे काही करायचं ते जमिनीच्या वर. म्हणून घर पातळ, चपटं आणि अशा बेताने बांधलेलं की सकाळचं कोवळं ऊन पूर्वेच्या रुंद भिंतीवर पडावं, आणि माध्यान्हीचा सूर्य डोक्यावर आला की त्याला फक्त अरुंद धार मिळावी. गुरांनी अंग घासून एका वारुळाचा कोपरा पाडला होता. मी गुडघ्यांवर बसून आत पाहिलं. बाहेरची माती सिमेंटसारखी टणक, नखाने खरवडली तर नखच झिजेल. आत मात्र पापुद्र्यांचे छोटे छोटे कोनाडे, आणि त्यांत गवताच्या काड्या, कात्रीने कापाव्यात तशा सारख्या लांबीच्या, दाबून भरलेल्या. पावसाळ्याची बेगमी. पडलेल्या कोपऱ्यावर डागडुजी होऊन गेली होती; नवी माती जुनीपेक्षा जरा गडद होती, एवढाच फरक.

इथून थोडं पुढे वारुळांचा आकार बदलतो, ती शंकूसारखी होतात, आणि त्यांत एक पोपट राहतो. सोनेरी खांद्यांचा, छातीला निळा. पावसाळा संपता संपता वारूळ ओलं आणि मऊ असतं, तेवढ्यात तो चोचीने बोगदा खणतो आणि आत अंडी घालतो. त्याच घरट्यात एक पतंगही अंडी घालतो आणि पतंगाच्या अळ्या पोपटाच्या पिल्लांची विष्ठा खाऊन घरटं साफ ठेवतात. इथले मूळनिवासी ओल्कोला लोक या पोपटाला अल्वाल म्हणतात. तो त्यांच्या कुळाचा. आज तो थोडाच उरला आहे, आणि त्याचं कारण ऐकून मी चमकले. कुणी जंगल तोडलं म्हणून नाही, तर झाडं वाढली म्हणून. ओल्कोला आणि शेजारची माणसं हजारो वर्षं ठरावीक वेळी, ठरावीक जागी गवत पेटवत आली होती. मग माणसं मिशनमध्ये नेली गेली, गुरांचे फार्म आले, आगी चुकीच्या वेळी लागू लागल्या किंवा लागेनाशाच झाल्या, आणि मोकळ्या माळावर झुडपं माजली. झुडपांच्या आडून पोपटाला मारणारे पक्षी येतात. आता ओल्कोला रेंजर पुन्हा हिशोबाने आगी लावतात. पर्यटनाच्या पत्रकात या माळाला ‘अस्पर्श’ म्हटलेलं होतं. ज्याने कुणी ते लिहिलं त्याला ही जळकी खोडं दिसली नसावीत.

‘रिकामी जमीन’ ही समजूत इथे फार महागात पडली आहे, आणि तिचा भुर्दंड नेहमी एकाच बाजूने भरला.

पश्चिम किनाऱ्यावर वायपाला पोचेपर्यंत माती इतकी लाल होते की मला घरी आल्यासारखं वाटलं. आमचं माहेरचं घर लांजा तालुक्यातलं, भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, आणि इथे रस्त्याच्या कडेला तोच सच्छिद्र, गंजक्या रंगाचा दगड. ही नुसती रंगाच्या सारखेपणाची गोष्ट नव्हे. भरपूर पाऊस आणि त्यामागून कडक कोरडं ऊन, असं लाखो वर्षं चाललं की खडकातली सिलिका धुऊन जाते, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतं. कोकणच्या सड्यावर हेच झालं, इथेही. वायपाला ॲल्युमिनियम जास्त उरलं, म्हणून तो बॉक्साइट. वाटाण्याएवढ्या गोल, लाल गोट्यांचा दोन-चार मीटर जाडीचा थर, समुद्रकिनाऱ्याच्या कड्यांत उघडा पडलेला. १८०२ साली मॅथ्यू फ्लिंडर्सने जहाजावरून ते लाल कडे पाहिले होते. १९५५ मध्ये हॅरी इव्हान्स या भूशास्त्रज्ञाने ते काय आहेत हे ओळखलं, आणि इथला बॉक्साइटचा साठा जगातल्या सगळ्यात मोठ्या साठ्यांत गणला जाऊ लागला.

त्यानंतर आठ वर्षांनी, नोव्हेंबर १९६३ मध्ये, वायपाच्या उत्तरेला मपून नावाच्या मिशनच्या गावात रात्री पोलीस आले. उरलेल्या माणसांना घराबाहेर काढून बोटीत बसवलं आणि उत्तरेला, टोकाजवळ नेऊन सोडलं. मागे घरं पेटवून दिली. त्या टोकाजवळच्या वस्तीला न्यू मपून नाव पडलं. काही माणसं पुढे हट्टाने परत आली आणि जुन्या जागी पुन्हा राहू लागली. आज तिथे गाव आहे. कोकणातल्या सड्यांवरही बॉक्साइटच्या खाणी आहेत, त्यामुळे ‘कातळावर काय आहे, नुसता कातळच तर आहे’ हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. पावसाळ्यात त्याच कातळावर दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पती उगवते. केप यॉर्कच्या नापीक वाळूवरही तिची भावंडं आहेत, आणि ओढ्यांच्या काठाने घटपर्णीही. मातीत नत्र नसलं की झाडं किडे खायला शिकतात. अशा जमिनीला नापीक म्हणावं खरं, पण रिकामी कशी म्हणणार?

आर्चर नदीकाठची गोष्ट तर याहून चमत्कारिक. जॉन कूवार्टा हा विक लोकांतला माणूस. १९७६ मध्ये त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी सरकारी निधीतून आपल्याच पूर्वजांच्या मुलखातलं एक गुरांचं फार्म विकत घ्यायचं ठरवलं. विकणारा तयार होता. क्वीन्सलँड सरकारने मात्र परवानगी नाकारली. मूळनिवाशांच्या हातात मोठाल्या जमिनी जाऊ नयेत, हेच सरकारचं धोरण होतं. कूवार्टा कोर्टात गेला आणि १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. वंशभेदविरोधी कायदा वैध ठरला, घटनेच्या पुस्तकांत हा खटला शिकवतात. पण तोवर सरकारने त्या जमिनीचं राष्ट्रीय उद्यान करून टाकलं होतं. निसर्ग वाचवण्यासाठी. कूवार्टा १९९१ मध्ये गेला. २०१२ मध्ये त्या जमिनीचा एक भाग त्याच्या लोकांना परत मिळाला. आर्चर नदीच्या रोडहाउसवर आम्ही तिथला प्रसिद्ध बर्गर खाल्ला, भाच्याने टायरची हवा तपासली. आजूबाजूला गाड्यांच्या टपांवर मासेमारीचे गळ, होड्या, तंबू. ‘वाइल्डरनेस’ हा शब्द एकाच टेबलावरून मी तीनदा ऐकला. राष्ट्रीय उद्यानं मला प्रिय आहेत, तरी माणूस बाहेर ठेवायला रानाची ढाल करता येते, हे इथे आल्यावर पुरतं कळलं.

इथून उत्तरेला जुनी तारेची वाट लागते. १८८७ मध्ये या वाटेने टेलिग्राफची तार टोकापर्यंत पोचली. वाटेतली तारघरं पत्र्याची, आणि त्यांच्या कोपऱ्यांना बंदुकीच्या नळ्या बाहेर काढता येतील अशी भोकं. त्याआधी १८४८ मध्ये एडमंड केनेडी दक्षिणेकडून तेरा जणांची तुकडी घेऊन या द्वीपकल्पात शिरला होता, टोकाजवळ थांबलेल्या जहाजाला गाठायला. गाड्या, मेंढ्या, घोडे सगळं वाटेत गेलं. डिसेंबरमध्ये जहाज अगदी जवळ आलं असताना केनेडी भाल्यांनी मारला गेला. जहाजापर्यंत एकटा पोचला तो गाल्माहरा, न्यू साउथ वेल्सच्या हंटर खोऱ्यातला मूळनिवासी तरुण, ज्याला गोरे जॅकी जॅकी म्हणत. त्याच्यामुळे मागे राहिलेल्यांपैकी दोघं वाचले. नद्यांना, डोंगरांना केनेडीचं नाव मिळालं. पुढे १८६४-६५ मध्ये जार्डीन बंधू गुरं हाकत वर आले. मिचेल नदीवर एकाच दिवशी तीसेक माणसं मारल्याची नोंद त्यांच्याच रोजनिशीवरून छापलेल्या वृत्तांतात आहे. त्यांचं नाव मिळालं ते इथल्या सर्वांत सुंदर नदीला.

पण तिच्याकडे जाण्याआधी आम्ही पूर्वेला, आयर्न रेंजच्या जंगलात उतरलो. आतापर्यंत डोळ्यांना निलगिरीची विरळ, सावली न देणारी झाडं सरावली होती. इथे एकदम पावसाळी जंगल. वेली, वेत, अंजिराची अवाढव्य खोडं, कुजक्या पानांचा ओला वास. पहाटे आम्ही एका मोकळ्या फांद्यांच्या झाडाखाली उभे राहिलो. एक्लेक्टस पोपटाचा नर हिरवागार आणि मादी लालभडक, इतकी वेगळी की एके काळी पक्षितज्ज्ञांनी त्यांना दोन जाती मानलं होतं. मादी झाडाच्या ढोलीत महिनोनमहिने ठाण मांडून बसते, कारण चांगली ढोली एकदा सोडली की गेली. काळा काकाकुवाही इथलाच. गालांवर उघडी लाल कातडी, डोक्यावर विस्कटलेला तुरा. नर फांदी तोडून तिची काठी बनवतो आणि पोकळ खोडावर ताल धरतो, आणि प्रत्येक नराचा ताल वेगळा असतो. २०१७ मध्ये संशोधकांनी हे ठोके मोजून सिद्ध केलं. आम्हाला ताल ऐकू आला नाही. दिसला तो फक्त दूरच्या फांदीवर बसून शीळ घालणारा एक पक्षी, आणि त्याच्या डोक्यावरचा तो तुरा.

रात्री टॉर्चच्या उजेडात मात्र एक कस्कस सापडला. मांजराएवढा, गोल डोळ्यांचा, शेपटीने फांदी धरून बसलेला. पोटपिशवीवाला प्राणी. अंगावर पांढरे-करडे ठिपके, म्हणजे नर. या जातीची मादी सहसा एकरंगी करडी. तो इतक्या सावकाश हलत होता की एक पाय उचलून पुढच्या फांदीवर ठेवेपर्यंत माझी मान अवघडली. एक पान तोडलं, हुंगलं, चावलं, आमच्याकडे पाहिलं, पुन्हा चावलं. हा प्राणी ऑस्ट्रेलियात या द्वीपकल्पाबाहेर रानात कुठेही नाही. त्याचा बाकीचा बहुतेक गोतावळा न्यू गिनीच्या बाजूला. एक्लेक्टसची तीच गत, काळ्या काकाकुव्याची तीच, झाडावर वेटोळं घालणाऱ्या हिरव्या अजगराचीही तीच.

कारण साधं आहे. न्यू गिनी आणि केप यॉर्क यांच्यामधली टोरेस सामुद्रधुनी अरुंद भागात जेमतेम १५० किलोमीटर रुंद, आणि बऱ्याच जागी पंधरा मीटरही खोल नाही. हिमयुगात समुद्र खाली गेला होता तेव्हा तिथे कोरडी जमीन होती, रान होतं, पाणथळी होत्या. समुद्राने ती झाकली त्याला सुमारे आठ हजार वर्षं झाली. भूगोलाच्या हिशोबात हे काल-परवाचं. कस्कसाचे पूर्वज ‘ऑस्ट्रेलियाच्या टोकाला’ कधी आलेच नव्हते; ते एका सलग रानात राहत होते आणि मध्ये पाणी भरलं. पांढरे शाही पारवे अजूनही हा समुद्र जमेस धरत नाहीत. दरवर्षी पावसाच्या तोंडावर न्यू गिनीहून येतात, इथली फळं खातात, पिल्लं वाढवतात, परत जातात.

जार्डीन नदी आम्ही फेरीवरून ओलांडली. सगळीकडे पात्रं कोरडी पडलेली असताना ही भर ड्रायमध्ये तुडुंब वाहते, कारण तिच्या खाली वाळूखडकाचा प्रचंड साठा आहे. पावसाचं पाणी तो पिऊन घेतो आणि वर्षभर थोडं थोडं सोडत राहतो. पाणी इतकं नितळ की हात घालावासा वाटतो. काठावर मगरीची पाटी, म्हणून कुणी घालत नाही.

आणि मग टोक. गाडी ठेवून खडकाळ उंचवट्यावरून चालत जायचं. पुढे उतारावर एक पाटी, तिच्याशेजारी फोटोसाठी रांग. मूळनिवासी या जागेला पजिंका म्हणतात. केप यॉर्क हे नाव जेम्स कुकने १७७० मध्ये एका ड्यूकला वाहिलं. समोर दोन छोटी बेटं आणि मध्ये असं पाणी, की जणू नदीच. इथे दोन महासागरांच्या भरती-ओहोटीची वेळ जुळत नाही, म्हणून प्रवाह कायम एकीकडून दुसरीकडे धावतो. बघावं तर जमीन संपल्यासारखी वाटतच नव्हती. बेटामागे बेट, त्यामागे आणखी बेटाची निळसर रेघ. भाच्याने पाटीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला, हात उंचावून, सगळे काढतात तसा.

खरी रहदारी दिसली ती दुसऱ्या दिवशी सीसियाच्या धक्क्यावर. तिथून थर्सडे आयलंडला फेरी जाते. मोठी शीतपेटी घेतलेले दोन मासेमार, आणि फुलाफुलांचा झगा घातलेली एक वयस्क बाई, इस्पितळात तपासणीला निघालेली. कुठून आलात, तिने विचारलं. भाच्याने केर्न्स म्हणून सांगितलं. “केर्न्स? बाई गं, किती आडबाजूला!” ती म्हणाली. तिची बहीण साइबाई बेटावर. तिथून पापुआ न्यू गिनीचा किनारा अवघा चार किलोमीटर, समोर दिसतो. १९७८ मध्ये दोन्ही देशांनी करार केला आणि १९८५ पासून तो लागू आहे: बेटांवरचे आणि पलीकडच्या ठरावीक गावांतले पारंपरिक रहिवासी मासेमारीला, लग्नकार्याला, देवाणघेवाणीला पासपोर्ट-व्हिसाशिवाय ये-जा करू शकतात. म्हणजे बहिणीच्या शेजारणी सकाळी डिंगीतून दुसऱ्या देशात जातात आणि संध्याकाळी परततात.

“ऐकलंस का मावशी,” भाचा म्हणाला, “तुझ्या टुरिस्ट व्हिसाला मी माझं सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट जोडलं होतं. वर तुझा सातबारा मागतात की काय, अशी भीती होती.”